कान उघडे ठेवायची नोकरी

ती नोकरी मी घ्यावी की नाही याची आमच्या घरात जी चर्चा झाली, ती शेजारपाजारच्यांनीही शब्दन् शब्द ऐकली असणार. आमच्याकडे हळू बोलायची सोयच नाही. पप्पांना ऐकू येत नाही. अगदीच येत नाही असं नव्हे. समोर उभं राहून, तोंड त्यांच्याकडे करून, घसा ताणून बोललं तर येतं. ते भोसरीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. लोखंडी पत्रा दाबून त्याचे गाडीचे भाग बनवणाऱ्या मशिनी तिथं असतात, आणि मशीन खाली आली की पायाखालची जमीन हादरते. पप्पांची सगळी नोकरी त्या ठोक्यांत गेली. कान नेमके कधी गेले ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग आलेला फोन ते काही न बोलता आईच्या हातात द्यायला लागले. विहारात कार्यक्रम असला की सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसायचे. लग्नाच्या पंगतीत चारचौघं हसली की तेही हसायचे, फक्त जरा उशिरा. तो उशीर मी लहानपणापासून बघत आले.

मी जपानी शिकले त्याचा मात्र कारखान्याशी काही संबंध नव्हता. बी.कॉम. झाल्यावर एका मैत्रिणीनं चिंचवड स्टेशनजवळच्या क्लासला नाव घातलं आणि सोबत हवी म्हणून मलाही ओढलं. तिचं लग्न ठरलं, तिनं सोडलं, मी राहिले. मला ती भाषा आपलीशी वाटली. तिच्यातही मराठीसारखं क्रियापद शेवटी येतं, आणि वाक्य पुरतं संपल्याशिवाय माणूस हो म्हणतोय की नाही ते कळत नाही. समोरच्याला शेवटपर्यंत ऐकून घ्यावंच लागतं. पुढं मी त्याच क्लासमध्ये नवख्यांना शिकवायला लागले, घरी बसून थोडं कागदोपत्री भाषांतरही करायचे. पण कागदावरची भाषा वेगळी आणि माणसाच्या तोंडची वेगळी. मला तोंडची हवी होती, आणि आमच्या भागात ती मिळायची जागा एकच, कंपनी.

म्हणून चाकणहून फोन आला तेव्हा मी हरखून गेले. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी कंपनी होती. जपानहून आलेले एक तज्ज्ञ तिथं दोनेक वर्षं होते, अजून बराच काळ राहणार होते, त्यांना नवा दुभाषी हवा होता. मुलाखत घरबसल्याच झाली. एचआरच्या मुलीनं सांगितलं की ऑफर लेटर तयारच आहे, फक्त एक दिवस प्लांटमध्ये येऊन काम बघा आणि मग सही करा. पप्पांना सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारलं, "प्रेस शॉपच ना?" मी मान डोलावली. मग ते आईला म्हणाले, पोरगी ऑफिसच्या गेटनं आत जाणार. भोसरीत त्यांचं गेट वेगळं होतं, मागच्या बाजूचं.

त्या दिवशी मी नाशिक फाट्याहून बस धरली. मोशीच्या पुढं नेहमीसारखे कंटेनर तुंबले होते, तरी वेळेत पोचले. एचआरची मुलगी माझ्याच वयाची, बोलायला गोड. तिनं हेल्मेट दिलं, बूट दिले. बूट पुरुषांचे, त्यातला सगळ्यात लहान जोडही मला ढगळ होत होता. बायकांचं टॉयलेट ऑफिसच्या इमारतीत आहे, शॉपमधून यायला लांब पडतं, तेव्हा आत जाण्याआधीच जाऊन या, असंही तिनं सांगितलं आणि त्यावर आम्ही दोघी हसलो. इथवर माझी काही तक्रार नव्हती. ढगळ बूट आणि लांबचं टॉयलेट एवढं धरूनच मी घरातून निघाले होते.

शॉपच्या दाराशी सेफ्टी ऑफिसर उभा होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो कानात घालायचे बोळे देत होता, नारिंगी, दोरीनं एकमेकांना जोडलेले. मलाही दिले. मी ते कानात घालणार तेवढ्यात त्यानं हात पुढं करून परत घेतले.

"तुम्हाला नको मॅडम," तो म्हणाला. "तुम्हाला ऐकायचंय ना."

तो चेष्टा करत नव्हता. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. दुभाष्याचं काम ऐकायचं, कान बंद केले तर ऐकणार कसं? माझ्याआधी जो मुलगा हे काम करायचा तोही तसाच उभा राहायचा म्हणे. तो कुठे गेला, असं मी विचारलं. सोडून गेला, का ते ठाऊक नाही, असं उत्तर मिळालं.

आत गेल्यावर पहिला ठोका मला छातीत बसला, कानांना तो नंतर कळला. मी प्रेस शॉपच्या पगारावर वाढलेली, पण प्रेस शॉपमध्ये पाऊल कधी टाकलं नव्हतं. पप्पा रोज डबा घेऊन जिथं जायचे ती जागा अशी असते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

जपानी तज्ज्ञ पन्नाशीचे, सडपातळ, चालायला झपाट्याचे. त्यांच्या दोन्ही कानांवर जाडजूड मफ होते, हेडफोनसारखे दिसणारे. माझं ऐकायचं असलं की ते एका कानावरचा मफ उचलायचे आणि माझं वाक्य संपलं की पुन्हा ठेवून द्यायचे. ऑपरेटरांच्या कानात बोळे होते. प्लांट हेड आमच्याबरोबर फिरत होते, त्यांच्याही कानात होते. त्या अख्ख्या शॉपमध्ये उघडे कान फक्त माझे होते.

बसायचा प्रश्न नव्हताच. तज्ज्ञ लाइनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणार आणि त्यांच्या मागं मी. त्या आवाजात काही सांगायचं तर समोरच्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. मी तोंड जवळ नेलं की ऑपरेटर बिचारे संकोचानं मागं सरकायचे, मग मला आणखी ओरडावं लागायचं. दुपार व्हायच्या आत माझा घसा बसला.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी तज्ज्ञ एका मशीनपाशी थांबले. तिथून निघणाऱ्या भागांच्या कडेला धार राहत होती. हात कापणारी ती कड असली की भाग नापास होतो. मशीनवर चाळिशीचा एक ऑपरेटर होता, बोलण्यावरून लातूर-नांदेडकडचा. तज्ज्ञांनी तो भाग त्याच्यासमोर धरला आणि मला म्हणाले, याला विचार, हा काम करताना डोळे उघडे ठेवतो की मिटून घेतो. मी तसंच विचारलं. सौम्य केलं नाही आणि वाढवलंही नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. बाईमाणसाच्या तोंडून, मराठीत, असलं काही कामावर ऐकायची त्याला सवय नसावी. मग तो म्हणाला,

"त्यान्ला सांगा, मी एकटा दोन मशिनी बघायलोय. पत्रा लावू का कडा बघू?"

मी तज्ज्ञांकडे वळले तेवढ्यात प्लांट हेडनी माझ्यासमोर हात आडवा धरला.

"हे नको," ते म्हणाले. "सॉरी म्हणतोय, यापुढे काळजी घेईल, एवढंच सांगा."

तज्ज्ञ मफ उचलून थांबले होते. ऑपरेटर माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला जपानी येत नव्हतं, पण आपलं बोलणं कुणी पुरतं पोचवलं की मध्येच तोडलं, एवढं भाषा न येताही कळतं. मी पुरतं सांगितलं. एक माणूस, दोन मशिनी, पत्रा, कडा, सगळं. तज्ज्ञांनी शेजारच्या मशीनकडे पाहिलं आणि विचारलं, केव्हापासून? मी ते मराठीत विचारलं. ऑपरेटरनं प्लांट हेडकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तेव्हा मी तज्ज्ञांना सांगितलं की हे उत्तर देत नाहीत.

जेवणानंतर प्लांट हेडनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते रागावले नाहीत. चहा मागवला, स्वतःही कधीकाळी ट्रेनी म्हणून शॉपमध्येच उभे होते हे सांगितलं. खालची माणसं तापली की काहीही बोलतात, ते वर गेलं की त्याचा ईमेल होतो, आणि ईमेल झाला की तो निस्तरायला त्यांनाच रात्री जपानशी बोलावं लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून पद्धत अशी होती की वरून आलेलं सगळं खाली सांगायचं, पण खालून येणारं आधी त्यांना सांगायचं. ते ठरवतील पुढं काय जायचं ते.

"इंटरप्रिटर म्हणजे पाइप," ते म्हणाले. "पाइपला मत नसतं."

पाइप दोन्हीकडून उघडा असतो, हे उत्तर मला परतीच्या बसमध्ये सुचलं. तिथं मी एवढंच विचारलं, की मला कानाला लावायला काही मिळेल का. त्यांनी जरा आश्चर्यानं पाहिलं. मग ऐकणार कशा, म्हणाले. संध्याकाळी एचआरच्या मुलीनं लेटर हातात दिलं. आधीच्या मुलाच्या जागी बरेच दिवस कुणी मिळालं नव्हतं, म्हणून माझा पहिल्या दिवसाचा आगाऊपणा त्यांनी पोटात घातला असावा.

घरी आले तर कानात एक बारीक शिट्टी वाजत होती. मी आईला पाणी मागितलं तर ती म्हणाली, ओरडतेस कशाला? मी ओरडत नव्हते. मला वाटत होतं मी नेहमीसारखीच बोलतेय. आई हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला काय आठवलं असेल ते मला समजलं.

पप्पांना सगळं सांगितलं. बोळे परत घेतल्याचं, उघड्या कानांनी उभं राहिल्याचं, ऑपरेटरचं, आणि सही करावी असं वाटत नाही हेही. मला वाटलं होतं की या घरात तरी मला समजावून सांगावं लागणार नाही. पप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कापूस घाल."

कापसानं काही होत नाही, असं मी म्हणाले. ते म्हणाले, आम्ही तोच घालायचो. मी म्हणाले, तेच तर सांगतेय. हे बोलायला नको होतं असं बोलताबोलताच वाटलं, पण बोलून झालं होतं, आणि पप्पांना ते नेमकं पहिल्या खेपेला ऐकू गेलं.

"म्हणजे मी काय येडा होतो?" ते म्हणाले. "कान गेले, पण घर झालं. तुझी शिक्षणं झाली. तू नाही म्हणायलीस, ती कशाच्या जोरावर?"

त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. मी त्या कंपनीला नकार दिला तर पप्पांच्या सगळ्या नोकरीलाच नकार दिल्यासारखं त्यांना वाटत होतं. मी घसा फाडून सांगत होते की तुमची चूक नव्हती, तुमच्याकडे पर्याय नव्हता, माझ्याकडे आहे. आणि पर्याय नव्हता हे शब्द त्यांना त्याहून जास्त लागत होते. त्यांनी स्वतः ती नोकरी मिळवली होती. गावाकडून येऊन, ओळख ना पाळख, गेटवर उभं राहून मिळवली होती. ती त्यांच्यावर लादली होती असं पोरीच्या तोंडून त्यांना ऐकायचं नव्हतं.

ते उठून बाहेर गेले. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "त्यांना कुणी विचारलं नव्हतं, घेणार का म्हणून. तुला विचारलंय. विचारलंय तर नीट उत्तर दे." म्हणजे काय उत्तर देऊ, असं मी विचारलं. ते मला काय माहीत, असं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मागच्या बाकावरची एक मुलगी धडा वाचत होती. ती नेहमीच हळू वाचते. मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं, मग आणखी एकदा सांगितलं. बाकीची मुलं माझ्याकडे बघायला लागली, मग हसली. मी हसले. आणि माझ्या लक्षात आलं की मी सगळ्यांच्या नंतर हसले. दुपारपर्यंत कान पूर्ववत झाले, पण तोवर माझं ठरलं होतं. एका दिवसात एवढं होत असेल तर त्या दाराशी मी उघड्या कानांनी पुन्हा उभी राहणार नाही. आणि नुसतं फोनवर नाही म्हणून सुटणारही नाही. का नाही, ते तोंडावर सांगेन.

पुन्हा बस, पुन्हा मोशी. प्लांट हेडच्या केबिनमध्ये मी सांगितलं की मला हे काम हवं आहे आणि ते मी चांगलं करेन. पण शॉपमध्ये माझ्या कानांवर तज्ज्ञांसारखेच मफ असतील. बोलायचं ते शॉपच्या दाराबाहेर येऊन बोलायचं. मशीनपाशी हातानं दाखवा, बघा, आणि मग बाहेर या. आणि जे ज्या तोंडातून निघेल ते मी पूर्ण सांगेन, वरून खाली आणि खालून वर.

एचआरची मुलगी टेबलाकडे बघत बसली. प्लांट हेड म्हणाले, चाकणमध्ये सगळीकडे असंच चालतं, आणि कंपनी एकीसाठी नियम बदलत नाही. मी म्हणाले, मग सगळ्यांसाठी बदला. ते म्हणाले, आधीचा मुलगा दोन वर्षं उभा होता, तो काही बोलला नाही. मी म्हणाले, तो गेला ना.

तेवढ्यात तज्ज्ञ आत आले. मला पाहून त्यांना आनंद झाला. मी सही करायला आले असं त्यांना वाटलं असावं, पण आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, काय झालं?

"पगारावरून अडलंय म्हणून सांगा," प्लांट हेड म्हणाले.

मी तज्ज्ञांना जपानीत सांगितलं, की हे मला सांगायला सांगताहेत की पगारावरून अडलंय. ते खरं नाही. आणि मग खरं काय ते सांगितलं. दारात परत घेतलेले बोळे, घरी गेल्यावरची शिट्टी, क्लासमधली मुलगी. वडील प्रेस शॉपला होते आणि आता त्यांना ऐकू येत नाही, हेही सांगितलं. दयेसाठी सांगितलं नाही. कारण तेच होतं.

तज्ज्ञांनी दातांमधून श्वास आत घेतला आणि म्हणाले की ते जरा अवघड आहे, आणि वाक्य अर्धवटच सोडलं. जपानी माणूस असं अर्धवट सोडतो तेव्हा त्याचा अर्थ नाही असा असतो. प्लांट हेडनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, जरा अवघड आहे असं म्हणाले, म्हणजे नाही. मी उठले. दारापर्यंत गेल्यावर तज्ज्ञांनी मागून विचारलं, आधीच्या मुलानं मला हे कधी कसं सांगितलं नाही?

मी म्हणाले, सांगितलं असतं तरी ते तुमच्यापर्यंत आलं नसतं. इथं खालून वर जाणारं आधी यांच्याकडे जातं.

प्लांट हेडना माझ्या हातवाऱ्यावरून त्यांचा उल्लेख झाल्याचं कळलं. आत्ता काय म्हणालात, त्यांनी विचारलं. मी तेही सांगितलं, मराठीत, एकही शब्द न गाळता. एचआरच्या मुलीनं तोंडावर हात धरला. माझा आवाज कापत नव्हता, एवढं मला नक्की आठवतं.

घरी सांगितल्यावर पप्पा म्हणाले, कंपनीला कुणी अटी घालतं का? त्यांच्या आवाजात राग होता तेवढीच काळजीही होती. त्यांच्या काळी अट घालणाऱ्यांचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. मग ते माझ्याशी बोलेनासे झाले. ऐकू न येणारा माणूस बोलायचा बंद झाला की घर फार मोठं वाटतं. मी त्यांच्यासमोर चहा ठेवायचे, ते प्यायचे, कप आईकडे द्यायचे. मी माझ्या बॅचा घेत होते. वाईट वाटत होतं, पण पश्चात्ताप वाटत नव्हता. आणि वाटावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती म्हणून तर मुळीच वाटू देणार नव्हते. पिंपळे गुरवला राहणाऱ्या मावशीनं फोन करून समजावलं की पोरी, नोकऱ्या झाडाला लागत नाहीत. मी म्हणाले, कानही लागत नाहीत. मावशीनं फोन आईला द्यायला सांगितला.

मग एके दिवशी क्लास सुटताना एचआरच्या मुलीचा फोन आला. मफ मंजूर झाले होते. शॉपच्या दाराबाहेर एक जागा ठरवली होती, तिथंच बोलणं होईल. तज्ज्ञांनी स्वतः तसं कळवलं होतं. तिसऱ्या गोष्टीचं काय, मी विचारलं. प्लांट हेड सर म्हणाले की ते ना लेखी देता येईल, ना तोंडी, ती म्हणाली. त्या विषयावर त्यांना बोलायचंच नाही.

मी स्टेशनच्या रस्त्यावर उभी होते. एक गाडी सुटून गेली, तिचा आवाज जाईपर्यंत मी थांबले. मला ते काम हवं होतं. चाकणला जाऊन आल्यापासून रोज हवं होतं. त्या दिवशी मशीनपाशी एका माणसाचं वाक्य दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवताना मला जे वाटलं होतं, ते क्लासमध्ये इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं. मी तिला म्हणाले, "लेखी नको. पण सरांना सांग, मी पूर्णच सांगणार आहे. ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवशी काढा."

तिनं हे जसंच्या तसं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक सांगितलं. पुढं आमची मैत्री झाली तेव्हाही मी तिला विचारलं नाही.

मी रुजू झाले. सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पहिले काही महिने प्लांट हेड माझ्याशी कामापुरतंही बोलत नव्हते. दाराबाहेरच्या जागेपर्यंत यायचा तज्ज्ञांनाही कंटाळा यायचा. ते मशीनपाशीच बोलायला लागले की मी मफ न काढता दाराकडे बोट दाखवायचे. कधी चिडायचे, पण यायचे. त्या लातूरकडच्या ऑपरेटरला मदतीला एक माणूस मिळाला, आणि महिन्याभरात त्याची ती लाइनच बदलली. नव्या लाइनवर काम जास्त अवजड होतं. माझं मन मला खाऊ लागलं. एकदा कँटीनमध्ये भेटला तेव्हा मी विचारलं, की मी ते बोललेलं सांगितलं म्हणून हे झालं का. तो जेवता जेवता म्हणाला, "मी बोल्लो ते मी बोल्लो. तुमी कामून मनाला लावून घ्यायलाव?" आणि ताक पुढं सरकवलं. त्यानं मला मोकळं केलं की गप्प बसवलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पप्पा माझ्याशी कधी बोलायला लागले ते आठवत नाही. एक दिवस बोलत होते, बस. त्या विषयावर ते काही म्हणाले नाहीत. पण एकदा मी कामावरून येत होते आणि ते चौकात त्यांच्या जुन्या कंपनीतल्या मित्राबरोबर उभे होते. मित्रालाही कमीच ऐकू येतं, त्यामुळे दोघांचं बोलणं अख्खा चौक ऐकत होता. पप्पा म्हणत होते, "अरे, माझ्या पोरीनं कंपनीला अटी घातल्या. कंपनीला!" मित्रानं विचारलं, किती? पप्पांनी पुन्हा तेच सांगितलं, आणखी मोठ्यानं. मी पलीकडच्या बाजूनं गुपचूप घरी आले.

ते तज्ज्ञ आता जपानला परतलेत. त्यांच्या जागी दुसरे आले, वयानं लहान, चटकन हसणारे. त्यांची सगळ्यांशी ओळख करून देताना प्लांट हेडनी माझ्याकडे हात केला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की या आमच्या इंटरप्रिटर, यांच्यासमोर जपून बोला, या सगळं सांगतात. नव्या तज्ज्ञांना ती गंमत वाटली असावी. ते हसले आणि मला जपानीत विचारलं, खरंच का?

मी म्हणाले, खरंच. आणि मग वळून प्लांट हेडना सांगितलं की यांनी विचारलं, खरंच का, आणि मी म्हणाले, खरंच.